कुणासारखं तरी गाणं

आई, तू गेल्याला एकोणीस वर्षं झाली. तुझी आठवण येते म्हणून हे लिहीत नाहीये, खरं तर तशी फारशी येतही नाही. डोळ्यांपुढे येतो तो या हिंदी मुलखातला आपला नेहरू नगरचा सरकारी क्वार्टर आणि ओट्यावरचा टेपरेकॉर्डर. तू कणीक मळता मळता एकेक ओळ ऐकायचीस, रिवाइंड करायचीस, पुन्हा ऐकायचीस. बटणावर वाळलेली कणीक मीच नखानं काढायचे. "नुसता सूर लागून भागत नाही," तू म्हणायचीस, "श्वाससुद्धा त्या बाईंच्याच जागी घ्यावा लागतो." त्या बाई म्हणजे साऱ्या देशाच्या लाडक्या गायिका. त्यांच्या कॅसेटी महाग, म्हणून आपल्या बाजारातला कॅसेटवाला तीच गाणी तुझ्याकडून गाऊन घ्यायचा आणि निम्म्या किमतीत विकायचा. वेष्टनावर त्यांच्यासारखीच दिसणारी एक पाठमोरी बाई असायची. तुझं नाव छापू नये, हे तूच सांगितलं होतंस. सचिवालयात टायपिस्ट होतीस, साहेबांना कळलं तर काय, ही धास्ती.

शनिवारी दुपारी तू जायचीस तेव्हा सोबत मी. कॉलेजात होते तेव्हा. दुकानामागच्या खोलीत भिंतींना गाद्या बांधलेल्या, आवाज टिपला जाईल म्हणून पंखा बंद, आणि तू घामानं निथळत गाते आहेस. अशा सात कॅसेटी झाल्यावर एक दिवस तू त्याला म्हणालीस, "भाईसाहब, एक मेरा अपना गाना भर लीजिए, आख़िर में." चाल तुझी होती, शब्दही तुझेच, मराठी. त्यानं ते भरून घेतलं, नीट ऐकलं. वाईट माणूस नव्हता तो. मग म्हणाला, "अच्छा है बहनजी. पर ये किसके जैसा है?" त्यानं टेप मागे घेतली, तू पाणी प्यायलीस आणि त्याच जागेवर ठरलेलं गाणं गायलीस.

घरी येताना मी चिडले. "तू ऐकून का घेतलंस? तुझा स्वतःचा आवाज होता तो."

"आवाज आवाज करू नकोस," तू म्हणालीस. "कुणाला हवाय तो?"

मला हवा होता. म्हणून गणपतीत, तुला न विचारता, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी तुझं नाव दिलं. नाव पुकारल्यावर तू माझ्याकडे पाहिलंस आणि उठलीस. तेच गाणं गायलीस, तुझं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या एक आजी तुझा हात धरून म्हणाल्या, "काय हो, अगदी हुबेहूब! डोळे मिटले तर त्या बाईच गाताहेत असं वाटतं." तू हसून त्यांना नमस्कार केलास. घरी आल्यावर पातळ बदललंस, घडी घातलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आता माझं नाव कुठे देऊ नकोस." त्यानंतर कॅसेटवाल्याचे निरोप आले, तू गेली नाहीस. घरातही कधी गुणगुणली नाहीस. पुढची बावीस वर्षं आपण दोघी भाजी, पेन्शन, औषधं यांवरच बोललो. मी माफी मागितली नाही. नेमकी कशाबद्दल मागायची, ते मला तेव्हाही कळत नव्हतं.

आता मी याच शहरात, साकेत नगरला राहते. गेल्या आठवड्यात मुलानं पुण्याहून फोनवर एक गाणं पाठवलं. कुणीतरी जुनी कॅसेट इंटरनेटवर चढवली आहे, त्या बाईंच्याच नावानं; सोबत वेष्टनाचा फोटो, तीच पाठमोरी बाई. खाली लोकांनी लिहिलंय, असा आवाज पुन्हा होणे नाही. तुझ्या कॅसेटींची गोष्ट मुलाला मी सांगितलेली, त्यानं विचारलं होतं, "ही आजीच ना?" मी मूळ गाणं शोधून काढलं आणि दोन्ही आलटून पालटून ऐकली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मुलाला लिहिलं, "हो, आजीच."

आई, तुझा आवाज मला ओळखता आला नाही.