तांबड्याचा नवस आणि माझं इंग्रजी

१२ जानेवारी
दहावीचा फॉर्म गेला. बाकी सगळे विषय लग्नाआधीच सुटले, इं. तेवढं राहिलं. दोनदा बसून राहिलं. दूध संस्थेत माप घेणारे तात्या जूनमध्ये घरी बसणार. चेअरमन ह्यांना म्हणाले, वहिनींना दहावीचा दाखला आणू दे, जागा त्यांची. एवढी वर्षं किटली घेऊन खिडकीबाहेर उभी राहिले, आता आत खुर्चीवर. नुसतं डोळ्यांपुढं आलं तरी हसू येतं.

लेक ऋतू काल कोल्हापुरातून येऊन गेली. बी.ए.ला इं. घेतलंय तिनं. म्हणाली, गाइड पाठ करून दोनदा आपटलीस, आता गोष्ट वाच. कागदांचा गठ्ठा दिला. काही शे वर्षांपूर्वीची विलायतेतली विनोदी गोष्ट, सोप्या इं.त केलेली. कोंबडा, कोंबड्या, कोल्हा आणि त्या पाळणारी एक विधवा बाई. तिकडंही बायकांना हेच उद्योग होते म्हणायचे.

१६ जानेवारी
पहिलं पान. विडो, यार्ड, प्राउड. शब्द डोक्यात राहीनात. मग आत्ती ज्वारी निवडत होत्या त्यांच्याजवळ बसून मोठ्यानं वाचलं आणि लगेच मराठीत सांगितलं. विडो म्हणजे नवरा गेलेली, हे सांगताना जरा अवघडले. सासूबाईच शेवटी. तर म्हणाल्या, "मग माझीच गोष्ट हाय की. सांग फुडं."

प्राउड समोरच होता. आमचा कोंबडा, तांबडा, गोबरगॅसच्या टाकीवर, तुरा वर करून. आता तो शब्द मरेपर्यंत विसरत नाही.

२७ जानेवारी
कोंबड्याला स्वप्न पडतं, कुणी जनावर धरायला आलंय. घाबरून कोंबडीला सांगतो. ती म्हणते, भित्रा कुठला, पोट साफ नाही तुझं, जुलाबाचं औषध घे. आत्तींना हसून उचकी लागली.

"बराबर हाय तिचं. गडीमाणसाला सपान पडतंय, बायकूला कळतंय पोट बिघडलंय."

हे चहा पीत होते, कप घेऊन बाहेर गेले. भित्रा म्हणजे काउअर्ड, हा शब्द घरात रुळला. चेअरमनकडं पुन्हा जाऊन विचारा म्हटलं की हे उद्या म्हणतात. मग आत्ती चुलीपुढून म्हणतात, काव्हर्ड.

५ फेब्रुवारी
कोल्हा आला. म्हणतो, तुझा बाप काय गायचा, डोळे मिटून, मान ताणून. तुला जमेल का तसं? फ्लॅटर. डिक्शनरीत खुशामत करणे दिलंय. आमच्याकडं हरभऱ्याच्या झाडावर चढवणे. ह्यांना लोकांनी असंच ग्रामपंचायतीला उभं केलं होतं.

कोंबड्यानं डोळे मिटले आणि पान संपलं. आत्ती सोडायला तयार नाहीत. आजच्या आज सांग म्हणाल्या. धार काढायची राहिली होती, ती त्यांनी स्वतः काढली. सून म्हणून एवढ्या वर्षांत असं सुख पहिल्यांदा मिळालं.

१२ फेब्रुवारी
गोष्ट संपली. कोल्हा कोंबड्याला तोंडात धरून पळतो, मागं बाई, तिच्या पोरी, कुत्री, सगळा गाव. कोंबडा म्हणतो, मागं वळून त्यांना चार शब्द सुनाव की. कोल्ह्यानं बोलायला तोंड उघडलं, कोंबडा झाडावर. आत्तींनी टाळी वाजवली. "बघ, तोंड उघडलं की गेलं."

मग तांबड्याकडं बघत म्हणाल्या, "म्या मरगूबाईला नवस बोललोय. सून पास झाली तर ह्यो तांबडा दीन म्हून. फारम भरलास त्याच दिशी."

माझ्यासाठी कुणी नवस बोललं, हे पहिल्यांदाच. आणि तांबडा टाकीवरून खाली उतरून माझ्या पायाशी दाणे टिपत होता.

२७ फेब्रुवारी
पेपर झाला. केंद्र वडगावलाच. जाताना आत्तींनी कपाळाला अंगारा लावला.

गोष्टीतला एक शब्द आला असेल तर शपथ. तरी या वेळी ओळखीच्या बाईशी बोलावं तसं वाटलं. शेवटी मनानं गोष्ट लिहायची होती, मी कोंबडा आणि कोल्हाच घातला. पानभर लिहिलं. चुका असणार. पूर्वी दोन ओळींच्या पुढं जात नव्हते.

१९ मार्च
आत्ती तांबड्याला स्वतःच्या हातानं ज्वारी घालतात. वर ताकातला भाकरीचा काला. जाडा करतात की लाड करतात, कळत नाही.

हे म्हणाले, वडगावच्या बाजारातनं दुसरा तांबडा आणतो, तोच देऊ. आत्ती अंगावर आल्या. "ह्योच म्हून बोललोय. देवी काय आंधळी हाय?"

ऋतूला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मम्मी, तांबडा म्हणजे तुझे मास्तरच की गं.

२० एप्रिल
आज आत्ती म्हणाल्या, "त्यो कोंबडा कोल्ह्याला बोलून सुटला. देवीला बी कायतरी बोलाय येतंय का बघ. तू शिकल्यालीस."

मी शिकलेली! निकाल लागायचाय अजून. पण त्या थट्टा करत नव्हत्या. मी म्हटलं, आत्ती, नवस तुमचा, मी काय बोलू? तर पदरानं डोळे पुसून आत गेल्या.

रागही आला त्यांचा. कुणी सांगितलं होतं बोलायला? खरं सांगायचं तर मला पास व्हायचंय. फार व्हायचंय. त्या खुर्चीवर बसायचंय. आणि टाकीवर रोज सकाळी तो दिसला की वाटतं...

असो. म्हशीला पेंड घालायचीय.

११ मे
उद्या दुपारी एकला निकाल. ऋतू कोल्हापुरातनंच बघून फोन करणार.

आत्ती सकाळी एकट्याच मरगूबाईला जाऊन आल्या. काय बोललात, विचारलं. ओटी भरली एवढंच सांगितलं. फार खोदून विचारल्यावर म्हणाल्या, "तोंड उघडलं की गेलं. तूच वाचून दावलास न्हवं?"

तांबडा आज भर दुपारी आरवला, डोळे मिटून.

१२ मे
जेवण गेलं नाही. हे गोठा झाडतायत, एरवी कधी खराटा हातात धरत नाहीत.

आत्तींनी तांबड्याला डालग्याखाली झाकलंय, वर गोणपाट. दिवसाढवळ्या कशाला, विचारलं. म्हणाल्या, "निकाल लागस्तवर देवीला दिसाय नगं."

देवी आंधळी आहे का, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. नाही विचारलं. त्यांच्या शेजारी डालग्याजवळ जाऊन बसले. आत्तींनी माझा हात धरला. हे तिथंच बसून लिहितेय, धरलेला डावा आहे.

एक वाजून गेला. फोन वाजतोय. डालग्यात तांबडा आरवायला लागलाय. मी फोनकडं हात केला तर आत्ती म्हणतात, "आदी त्येला गप कर."