कशाची माफी, माय?

प्रिय माय,

तुला लिहिल्याशिवाय आज घास उतरणार नाही, म्हणून दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. आपल्या सुभाषची तान्ही लेक आत आहे. घाबरू नकोस, आता दूध प्यायला लागलीय. पण परवा आणलं तेव्हा तिचं पोट उडत होतं, नाकपुड्या फुलत होत्या. मला तान्हा सुभाषच दिसला.

आठवतं ना? वाळूजला नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या आणि मेंढरं विकून बाबा नुकतेच एका कंपनीत लागले होते. नामांतराचं आंदोलन पेटलेलं, त्या दिवशी बंद होता, सुभाषला दवाखान्यात न्यायला गाडी मिळेना. मग पिशोरहून आलेल्या आजीनं विळा तापवला. आजारी मेंढराला देतात तसे सुभाषच्या पोटावर डाग दिले! केवढा किंचाळला होता तो. तू पदर तोंडात कोंबून उंबऱ्यात उभी होतीस.

पोरगं वाचलं. कशानं? तर आजीच्या डागानं! आणि पुढं त्याला दमा लागला, तो कशानं? तर तू बाळंतपणात दही खाल्लंस म्हणून! हा कुठला न्याय गं? काकूनं तर भर पंगतीत तुला ऐकवलं, "हिच्या जिभेपायी पोराची छाती गेली." बाबा खाली मान घालून जेवत राहिले. तो राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आणि तू तरी काय! एकदा तरी उलटून बोलायचं होतंस. उलट तूच जन्मभर दह्याला शिवली नाहीस. म्हणजे झालंच की, त्यांचं म्हणणं खरं!

काल डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट सांगितलं. हा विषाणूचा संसर्ग आहे. तान्हेपणी तो इतका जोरात झाला, तर पुढं दम्याचा धोका वाढतो. सगळ्यांनाच होतो असं नाही, पण लक्ष ठेवायचं. सुभाषनं शर्ट वर करून डाग दाखवले, स्वतःचा दमा सांगितला. तुम्हालाही लहानपणी असंच काही झालं असावं, म्हणाल्या. मी मुद्दाम विचारलं, "आणि आईनं दही खाल्लं तर?"

"दह्याचा काय संबंध?" बाई म्हणाल्या.

एवढंच, माय! एवढं ऐकायला तू नव्हतीस.

बाहेर काकू कविताला, म्हणजे सुभाषच्या बायकोला, विचारत होती, "काय गार खाल्लं व्हतंस गं?" पोरगी रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, "काकू, लई झालं. आता तोंड आवर."

जाताना तू सुभाषचा हात धरून म्हणालीस ना, "माझ्यामुळं तुला जन्माचा तरास झाला, माफ कर"? आणि तो म्हणाला, "केलं, माय." केवढ्या मोठ्या मनाचा, असं वाटलं होतं आम्हाला! आज माझ्याशेजारी बसून तोच रडत होता. "ताई, म्या मायला माफ केलं गं. कशापायी केलं?"

तुला शब्द देते. या लेकराला दमा होवो न होवो, कविताकडं कुणी बोट दाखवलं तर गाठ माझ्याशी आहे, मग ते बाबा का असेनात. आणि तुझ्या वर्षश्राद्धाला भावकी जमेल, तेव्हा सुभाष सगळ्यांसमोर उभा राहणार आहे. या वेळी माफी तो मागणार आहे.

तुझीच,
मंगल