सकाळच्या आंघोळीला कोण

३ मार्च
उद्या कौन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची बाई येणार, सासूबाईंना स्वतःचं किती जमतं ते बघायला. सकाळच्या आंघोळीला त्यांच्याकडून केअरर, मदतीची बाई मिळाली तर ठीक. नाहीतर शाळेच्या किचनमधलं माझं काम जातंय. हे सहालाच वेअरहाऊसला पळतात, आईंची आंघोळ उरकून मी रोज लेट. मॅनेजर म्हणाली, एखाद दिवस चालेल, रोज नाही. बरोबर आहे तिचं.
घर घासून काढलं. कोणी यायचं म्हणजे!

४ मार्च
सगळं मातीत! सासूबाई नवी साडी नेसून बसल्या. बाई आली तशा टेबल धरून उभ्या. "वेलकम! आय मेक टी!" एरवी खुर्चीतून उठवताना माझा घाम निघतो. काही विचारलं की एकच — "आय डू मायसेल्फ." बाई खूष. पोहे दोनदा घेतले.
ती गेल्यावर म्हटलं, आई, हे काय?
"परक्या बाईला काय सांगू? सून मला धुते म्हणून?"
आमची ईशिता, इथेच जन्मलेली — "मम्मी, तू पण का एवढा क्लीनिंग केली? घर बघूनच ती नो म्हणणार." मराठी वाकडं, अक्कल सरळ.

१२ मार्च
नाहीच म्हणाले. परत बघायला या म्हणून फोन केला.

१५ मार्च
टीव्हीवर सरकार. म्हाताऱ्यांची केअर सुधारणार, कमिशन बसवलंय, शेवटचा रिपोर्ट २०२८ ला.
सासूबाई — "मला उठायला एवढा वेळ लागत नाही गं!"

२ एप्रिल
तीच बाई. या वेळी पोहे नाहीत, झाडलंही नाही. सासूबाईंना बजावलेलं, खरं सांगा. पण तोंड भिंतीकडे. बाई निघायला लागली. म्हटलं, गेलं माझं काम.
तेवढ्यात सासूबाई ईशिताला म्हणाल्या, "सांग तिला. मागल्या महिन्यात ही शैला मला धरून बाथरूममध्ये पडली. माझा हरीश येईपर्यंत दोघी फरशीवर. हिला पाय उचलवत नव्हता. अजून लंगडते."
आई, पुरे!
"तू गप. मला काही जमत नाही, लिही म्हणावं. पण आधी हिला बघा."
पडल्याचं मी या डायरीतसुद्धा लिहिलं नव्हतं.
बाई परत बसली. माझ्याकडे वळून.

२० एप्रिल
मंजूर! सोमवारपासून केअरर. मदत सांभाळणारीला हवी म्हणून; फाइलवर नाव आईंचं नाही, माझं आहे.