पितळी परातीतला दगड

शहापूर, मंगळवार, संध्याकाळ, २००४

खाऱ्या पाण्याच्या टाकीतला मासा आजही पंपाच्या नळीमागेच दडून बसलाय. त्याला लपायला भोकाभोकांचा दगड हवा. मुंबईच्या दुकानात समुद्रातला दगड किलोवर मिळतो, पण परवडणार कोणाला? म्हणून सिद्धगडच्या ओढ्यातला एक आणला, घासला, आईच्या पितळी परातीत मिठाच्या पाण्यात भिजत ठेवला. आत्ता बघतो तर त्यावर कुंकू, जास्वंद! कुंकू पार भोकांत मुरलंय. आता कसला टाकीत घालतो? ओरडणारच होतो, तेवढ्यात आई म्हणाली, "अप्पांसाठी देव पाण्यात ठेवलास होय रे? मला वाटायचं, तुझा विश्वासच नाय." डोळे भरलेले तिचे.

उद्या ठाण्यात अप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन.

मासा अजून नळीमागेच. मघाशी परातीतलं पाणी मीच बदललं. मीठ नाही घातलं.