हरभऱ्याचं फाटक

नंदुरबार,
१२ जानेवारी २०२५

चि. हेमकांत यास,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. माझा अहिराणी शब्दसंग्रह घरी पोचला आणि तुझ्या भाविकानं सगळ्यांसमोर ‘गधडं’ वाचून दाखवलं, हे वहिनीकडून कळलं.

त्या एका शब्दावर मी महिनाभर बसले होते. संस्कृतात गर्दभ, म्हणजे मुळात ओरडणारा, प्राकृतात गद्दह, आपल्याकडे गधडं. ओझं वाहणारं जनावर, आणि मग मूर्ख माणूस. प्रत्येक शब्दाखाली घरात ऐकलेलं एक वाक्य द्यायची माझी पद्धत. इथं हाताला आबांचंच आलं: ‘हेमा, तू गधडं शे गधडं.’ छापून येईपर्यंत मला काहीच खुपलं नाही, हेच आता जास्त खुपतं.

आबा ते कधी बोलले, आठवतं ना? वीटभट्टीची गाढवं हरभऱ्यात शिरली तेव्हा. राखणीला तू होतास. त्यांनी तुला मारलं, सातवीतून काढून शेतावर घातलं. पण बोरं वेचून परतताना काट्याचं फाटक मी उघडं टाकलं होतं, हेमा. मी दाराआड उभी राहून सगळं ऐकलं आणि बोलले नाही. बत्तीस वर्षं झाली.

लोभ आटला असला, तरी पत्र पुरतं वाच.

तुझी,
दामिनीताई


कळसाडी,
१९ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कापूस वेचणी चालू आहे, म्हणून उशीर. ऊस कारखान्याला गेला.

फाटकाचं मला तेव्हाच माहीत होतं. मी राखणीच्या माळ्यावर होतो. तू ओच्यात बोरं घेऊन पळालीस ते पाहिलं. फाटक लावलं असशील असं समजून आडवा झालो आणि डोळा लागला. नाव घेतलं असतं, तर आबांनी तुझी शाळा आधी बंद केली असती. ओरडणारा तो गधडा म्हणतेस, मी तर तोंड उघडलं नाही. तुझं पुस्तक चुकलं बघ.

मला मूर्ख छापलंस त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण भाविका त्या दिवशी हसून म्हणाली, बाबा, पुस्तकातला हाऊ हेमा तुम्हीच का? तेव्हापासून गणिताची वही माझ्याकडे आणत नाही. मी खरं सांगितलं, तर तिला वाटेल बाबा फुईवर, म्हणजे तुझ्यावर, ढकलतात. तूच सांग.

माझा लोभ आहे तसाच आहे.

तुझा,
हेमकांत


नंदुरबार,
२३ जानेवारी २०२५

चि. भाविका हिस,
गोड पापा.

पुस्तकातलं ते वाक्य तुझ्या फुईनं लिहिलं. त्या दिवशी फाटक मी उघडं टाकलं आणि मार तुझ्या बाबांनी खाल्ला. मला पाहिलेलं असूनही ते गप्प राहिले, म्हणून मी शिकले, पुस्तकं लिहू शकले. हे पत्र घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच.

रविवारी येते. काय विचारायचं ते विचार. लोभ असू दे, असं आज मला लिहवत नाही.

तुझी फुई,
दामिनी