आडनाव कळवावे

अण्णा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी मी अजून मनातल्या मनात तुमच्याशीच भांडते. काल मात्र बाहेरच्यांशी भांडले, तेही चारचौघांत, म्हणून लिहायला बसलेय.

इथे सिंगापुरात वुडलँड्स आणि बिशानमधल्या मराठी कुटुंबांचा आमचा एक लहानसा गट आहे. खोल्या भाड्याने द्यायच्या काही जाहिरातींत ‘भारतीय नकोत’ असं सरळ लिहिलेलं असतं. आमच्या स्वयंपाकाचा वास येतो म्हणे. त्याविरुद्ध गटातर्फे तक्रार द्यायची ठरली आणि इंग्रजी बरं म्हणून मसुदा माझ्या गळ्यात पडला. आता गंमत बघा. नव्याने येणाऱ्यांसाठी आमच्या गटाचीही खोल्यांची एक यादी आहे आणि त्यात जवळपास प्रत्येक खोलीखाली लिहिलेलं असतं, ‘शाकाहारी. आडनाव कळवावे.’ किती वर्षं ती ओळ वाचून मी मुकाट्याने पुढे जात होते.

गेल्या आठवड्यात वन-नॉर्थला संशोधनासाठी आलेली नागपूरची एक मुलगी मला भेटली. एका घरमालकाने ‘इंडियन?’ एवढं विचारून फोन ठेवला होता. मग तिने आमच्या यादीतल्या एका काकूंना फोन केला, आडनाव सांगितलं, आणि काकू म्हणाल्या, "अगंबाई, ती खोली कालच गेली की!" खोली कुठेही गेली नव्हती. पोरीला शनिवारी हॉटेल सोडायचं होतं. "ताई, त्या घरमालकाचा राग आला," ती म्हणाली, "काकूंचं मात्र वाईट वाटलं." मला तिच्याकडे बघवेना.

तुमची आठवण आली ती तिथेच. मी नववीत असेन. आई तव्यावर सुकट भाजतेय, शेजारी नवं बिऱ्हाड आलंय आणि मी धावत जाऊन खिडकी लावते. तुम्ही कामावरून आलेले, हातपायही धुतलेले नाहीत. "उघड ती," म्हणता. मी हलत नाही, तेव्हा तुम्ही स्वतः उठून उघडता. "आपण काय चोरी करतोय? जेवतोय." तुम्ही आवाज चढवला नव्हता, तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. केवढा राग आला होता तुमचा! वस्तीच्या सभेतही तुमचं तेच. कुणी तोंडी गोड बोलून वाटेला लावायला लागलं की तुम्ही उभे, "हे इतिवृत्तात लिहून घ्या." लोक हसायचे. मीही हसायचे, अण्णा.

काल बिशानला बैठक होती. निघताना लेक इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट से इट लाह." तिला काय, इथे जन्मलेली. तक्रारीचा मसुदा वाचून झाला, टाळ्या पडल्या आणि मी म्हटलं, तो पाठवण्याआधी आपल्या यादीतली आडनावाची ओळ काढू या. त्याच काकू म्हणाल्या, "अगं, जात कोण विचारतंय? नुसतं आडनाव विचारतो. शेवटी स्वयंपाकघराचा प्रश्न असतो." मी म्हटलं, "मग घरात मांसमच्छी शिजवू नये, असं लिहा. आडनावावरून चुलीवर काय आहे ते कळत नाही." एक गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता? तुमचा काय संबंध?"

माझं सासरचं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून कुणाला काही कळत नाही, आणि मीही कधी कळू दिलं नव्हतं. मी उभी राहिले आणि तुमचं आडनाव सांगितलं, माझं माहेरचं. "माझा एवढा संबंध आहे," म्हटलं. "आणि हे इतिवृत्तात लिहून घ्या." चिटणीस माझ्याकडे बघतच राहिले. शेवटी लिहिलं त्यांनी. हात वर करून मत घेतलं. दोघं उठून गेली, तीन मतांच्या फरकाने ओळ निघाली. काकूंनी हात वर केला नाही. गेलेली दोघं परत येतील न येतील, पण ती ओळ आता परत येऊ देणार नाही. तक्रार सोमवारी जाईल. ती मुलगी सध्या आमच्याकडेच आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगते. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, "नवं आडनाव कसं वाटतंय?" मी म्हणाले, "होईल सवय." तुम्हाला वाटलं, लेकीला जुनं सोडवत नाही; तुमचे डोळे भरून आले. अण्णा, मला सुटल्यासारखं वाटत होतं.