मामा म्हणतील तसं

सिडनी, रविवार, १४ जुलै, दुपारचे तीन. फेतूताईच्या पायांना खोबरेल चोळून लिहायला बसलो आहे.

आदरणीय मामा,

ताईचा मेंदू गेला आहे आणि छाती फक्त यंत्राने हलते, हे तुम्हाला तिकडे सामोआत, सवाई बेटावर फोनवरून कळलेच आहे. तिने अवयवदानासाठी सरकारकडे नाव नोंदवले होते. तेव्हा मी तिला चिडवले होते, "तुझं भांडखोर काळीज कोण घेणार?" ती म्हणाली, "तुझ्यासारख्या मेंगळटाला बसवतील."

इथल्या कायद्याला तिचे नाव पुरेसे आहे. पण घरच्यांच्या मनाविरुद्ध डॉक्टर हात लावत नाहीत. नर्सने विचारल्यावर आई म्हणाली, "घराण्याचा मताई, म्हणजे प्रमुख, माझा भाऊ. तो म्हणेल तसं." तुम्ही फोनवर म्हणालात, "पोर तिची आहे. ती म्हणेल तसं." एकमेकांचा मान राखण्यात दोन दिवस गेले. संध्याकाळनंतर अवयव कुणाच्या उपयोगाचे राहणार नाहीत, असे डॉक्टर सांगून गेले.

धाकट्याने मोठ्यांआधी बोलू नये, हे तुम्हीच शिकवलेत. म्हणून फोन न करता लिहितो आहे. पत्र पोचेपर्यंत ताईला पुरलेले असेल, तेव्हा ते पाठवणारही नाही.

आत्ता नर्स पुन्हा आली. या वेळी तिने मला विचारले, "पेनी, तुला काय वाटतं?"

'देऊन टाका' हे माझे उत्तर तोंडात तयार होते. आई डोळे पुसून माझ्याकडे बघू लागली.

मी म्हणालो, "मामांना विचारा."

तुमच्या आज्ञेतला भाचा,
पेनी